ॲक्सेस की फाइलमेकर? मंडपवाल्याच्या वहीतून शोधलेलं उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांना सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, कुणाची फाइलही अडली नाही. पण छोट्या व्यावसायिकांच्या मनात धाकधूक सुरू झाली. "आमचं सगळं ॲक्सेसमध्ये आहे. आता नवं करून घ्यायचंच आहे, तर त्यातच करायचं की फाइलमेकर घ्यायचं?" हा प्रश्न त्यानंतर माझ्यापर्यंत अनेकदा आला. दोन्ही धंद्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवायची अवजारं; ॲक्सेस मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं, फाइलमेकर ॲपलच्या एका उपकंपनीचं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना याचं उत्तर शोधायला इतर जागा आहेत. मी लिहितोय ते सॉफ्टवेअर लिहून घेणाऱ्यांसाठी, म्हणजे खिशातून पैसे देऊन पुढची दहा-पंधरा वर्षं त्यावर धंदा चालवणाऱ्यांसाठी. एक उदाहरण धरून चालू. समजा, सांगलीत एक मंडप-डेकोरेटर आहे. दीड हजार खुर्च्या, गाद्या, पातेली, समया, लाइटिंग, दोन गोडाऊन, ऑफिसात तीन संगणक आणि साइटवर जाणारी आठ-दहा माणसं. उदाहरण कल्पित आहे, पण अशा धंद्याच्या अडचणी कल्पित नाहीत.

एक्सेलने काम भागतं की!

काही काळ भागतं. बुकिंग एका शीटवर, माल दुसऱ्यावर, येणं तिसऱ्यावर. मग लग्नसराई येते. चांगले मुहूर्त मोजकेच असतात, त्यामुळे सगळ्यांना माल एकाच दिवशी लागतो. १२ तारखेला किती खुर्च्या मोकळ्या आहेत, हा एकच प्रश्न शंभर वेळा विचारला जातो, आणि एक्सेल त्याचं उत्तर आपणहून देत नाही. शिवाय एकच ग्राहक एका ओळीत 'श्री. पाटील', दुसरीत 'पाटील साहेब', तिसरीत 'पाटील (विश्रामबाग)' असा नोंदलेला असतो. माणसाला ते कळतं. यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे ग्राहक असतात आणि येणं तिघांत वाटलं जातं.

यावरचा उपाय १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडला. माहिती तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक गोष्ट एकदाच आणि एकाच जागी लिहायची, बाकी ठिकाणी तिचा फक्त क्रमांक द्यायचा. आपल्या मंडपवाल्याला असे चार तक्ते लागतील: ग्राहक, वस्तू, बुकिंग आणि बुकिंगमधल्या ओळी. चौथा तक्ता लोक विसरतात, आणि खरी गोम त्याच्यातच आहे. एका बुकिंगमध्ये अनेक वस्तू असतात आणि एक वस्तू अनेक बुकिंगांत जाते. म्हणून 'बुकिंग क्रमांक ४१२, वस्तू खुर्ची, नग ४००' अशी प्रत्येक ओळ वेगळी ठेवावी लागते. क्रमांकांनी एकमेकांना बांधलेल्या अशा तक्त्यांचा संच म्हणजे डेटाबेस.

आता १२ तारखेच्या खुर्च्या मोजणं शक्य होतं. तरी लग्नाची तारीख नोंदवून भागत नाही. माल आदल्या दिवशी निघतो आणि दुसऱ्या दिवशी परततो. म्हणून प्रत्येक बुकिंगला निघण्याची आणि परतण्याची, अशा दोन तारखा हव्यात. एकाचा माल परतायच्या आधी दुसऱ्याचा निघायचा असेल, तर ती दोन बुकिंगं एकमेकांवर चढली. हा बारकावा ॲक्सेसलाही ठाऊक नसतो आणि फाइलमेकरलाही. तो मंडपवाल्याला ठाऊक असतो, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने त्याला विचारून तो काढून घ्यायचा असतो. अवजाराच्या चर्चेआधी हे बोलणं झालं नसेल, तर कुठलंही अवजार घेतलं तरी फसगत होणार.

ही दोन अवजारं नेमकी काय आहेत?

दोन्ही एकाच घराण्यातली. तक्ते ठेवायची जागा, माहिती भरायचे पडदे (म्हणजे संगणकाच्या स्क्रीनवरचे फॉर्म), छापील पावत्या आणि 'हे झालं की ते कर' अशा आज्ञा, हे सगळं दोघांतही एकाच पेटीत मिळतं. ॲक्सेस मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आणलं. फाइलमेकर त्याहून जुनं, १९८५ चं. पुढे ते ॲपलच्या क्लॅरिस या उपकंपनीकडे गेलं. तिचं नाव १९९८ मध्ये फाइलमेकर झालं आणि २०१९ मध्ये पुन्हा क्लॅरिस.

घराणं एक असलं तरी वळण वेगळं. ॲक्सेस फक्त विंडोजवर चालतं. फाइलमेकर मॅकवर आणि विंडोजवर चालतं, आयफोन-आयपॅडसाठी त्याचं वेगळं ॲप आहे आणि सर्व्हर, म्हणजे सगळ्यांसाठी फाइल सांभाळणारी व्यवस्था, घेतला तर ब्राउझरमधूनही ते उघडतं. ॲक्सेसमध्ये पडदे जरा रुक्ष बनतात, पण व्हीबीए या त्याच्या आज्ञाभाषेत खोलवर काम करता येतं आणि ती जाणणारी माणसं जिल्ह्याच्या गावीही सापडतात. फाइलमेकरमध्ये आज्ञा यादीतून निवडून एकाखाली एक लावायच्या असतात, पडदे पटकन देखणे होतात. मात्र ते जाणणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. हा शेवटचा मुद्दा किंमतपत्रकात दिसत नाही, पण माझ्या मते तो किंमतीइतकाच वजनदार आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा उद्या बेंगळुरूला गेला, तर दुरुस्ती कोण करणार?

एकाच वेळी तिघांनी वापरायचं तर?

पुढचे बहुतेक घोटाळे इथे होतात, म्हणून जरा थांबून बोलतो.

वाचनालयं दोन प्रकारची असतात. एकात कपाटं मोकळी असतात, प्रत्येक जण आत जाऊन पुस्तक स्वतः काढतो आणि स्वतः ठेवतो. दुसऱ्यात खिडकी असते. चिठ्ठी द्यायची, आतला ग्रंथपाल पुस्तक आणून देतो, कपाटाला हात लावायची परवानगी त्याला एकट्याला. ॲक्सेसची फाइल नेटवर्कवर ठेवली की ती मोकळ्या कपाटासारखी होते. प्रत्येक संगणक त्या फाइलमध्ये स्वतः हात घालतो, स्वतः वाचतो, स्वतः लिहितो. तीन-चार सावध माणसं असतील तर हे उत्तम चालतं. पण लिहिता लिहिता एका संगणकाची वीज गेली किंवा वायफाय तुटलं, तर पुस्तक अर्धवट कपाटात आणि अर्धवट हातात राहतं. फाइल खराब होण्याचं हे नेहमीचं कारण. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे तीनही संगणकांना यूपीएस आणि वायफायऐवजी केबल हा खर्च मी सॉफ्टवेअरच्या खर्चातच धरतो.

फाइलमेकरचा सर्व्हर ही खिडकीची पद्धत. संगणक मागणी करतात, फाइलला हात फक्त सर्व्हर लावतो, आणि काम चालू असतानाच ठरल्या वेळी प्रतही काढून ठेवतो. अनेक माणसांसाठी हे निश्चितच भक्कम. मात्र त्यासाठी एक संगणक कायम चालू ठेवावा लागतो, किंवा भाड्याचा घ्यावा लागतो.

ॲक्सेसवाल्यांना खिडकी मिळत नाही असं मात्र नाही. ॲक्सेसचे दोन तुकडे करता येतात: पडदे आणि आज्ञा एका फाइलमध्ये, तक्ते दुसऱ्या फाइलमध्ये. पडद्यांची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी द्यायची, तक्त्यांची एकच ठेवायची. हे पहिल्या दिवसापासून करायलाच हवं. पुढे धंदा वाढला, तर तक्ते उचलून मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत किंवा पोस्टग्रेससारख्या मोफत सर्व्हरमध्ये ठेवता येतात आणि पडदे बऱ्याच अंशी तेच राहतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ॲक्सेसची चालू फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून उघडायची नाही. त्या सेवा अख्ख्या फाइलची प्रत इकडून तिकडे नेतात. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की दोन वेगळ्या फायली तयार होतात, आणि कुठली खरी हे सांगणारं कुणी नसतं. फाइलमेकरची फाइलही अशा सामायिक फोल्डरमधून उघडू नये.

आता दुहेरी बुकिंगकडे वळू. ऑफिसातल्या दोघांना एकाच मिनिटाला फोन आले. दोघांनी पाहिलं, ४०० खुर्च्या मोकळ्या. दोघांनी होकार दिला, दोघांनी नोंद केली. चूक कुणाचीच नाही. 'पाहणं' आणि 'लिहिणं' यांच्यात फट राहिली, एवढंच. ही फट बंद करून दोन्ही कामं अखंड एक करायची, अर्धी झाली तर सगळी रद्द करायची, याला व्यवहार म्हणतात. रेल्वेचं एकच आसन दोघांना जात नाही ते याच तत्त्वामुळे. अशी बांधणी ॲक्सेसमध्ये करता येते. फाइलमेकरमध्येही येते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी वेगळ्या आज्ञाच दिल्या आहेत. पण दोन्हीकडे ती मुद्दाम लिहावी लागते. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना दोन संगणकांसमोर दोन माणसं बसवा आणि शेवटच्या ४०० खुर्च्या एकदमच बुक करायला सांगा. एकाला नकार आला पाहिजे.

'ॲक्सेसला २ जीबीची मर्यादा आहे' असं ऐकलं, त्याचं काय?

खरं आहे. ॲक्सेसची एक फाइल २ जीबीच्या वर जात नाही. फाइलमेकरची मर्यादा ८ टेराबाइट आहे. आकडे शेजारी ठेवले की ॲक्सेस केविलवाणं दिसतं. पण हिशोब करून पाहा. बुकिंगमधली एक ओळ २०० बाइटची धरली, तर २ जीबीत जवळपास एक कोटी ओळी बसतात. शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूचींना निम्मी जागा दिली तरी पन्नास लाख उरतात. वर्षाला ६०० बुकिंगं, प्रत्येकात २० ओळी, म्हणजे वर्षाच्या १२,००० ओळी. मंडपवाल्याच्या नातवंडांपर्यंत जागा पुरेल.

फोटोंचं गणित मात्र वेगळं. मंडपाच्या सजावटीचा एक फोटो ४ एमबीचा असेल, तर पाचशेच फोटोंत फाइल भरते. फोटो साध्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि तक्त्यात फक्त त्यांचा पत्ता लिहायचा. फोटोच ज्यांच्या धंद्याचा गाभा आहे, त्यांना फाइलमेकर सोयीचं पडतं, कारण फोटो बाहेर ठेवून आत दाखवायची सोय त्यात तयारच मिळते.

मराठी नीट चालेल का?

चालेल, पण अटी आहेत आणि त्या आधीच समजून घेतलेल्या बऱ्या.

पहिली अट जुन्या माहितीची. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये भरलेली नावं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत भलतीच चिन्हं असतात. फाँट बदलला की त्यांचा अर्थ जातो. ती माहिती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावी लागते, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. या कामाचे दिवस कुणीच अंदाजपत्रकात धरत नाही. धरायला हवेत.

दुसरी अट लांबीची. आपण अक्षरं मोजतो, यंत्र चिन्हं मोजतं. 'स्त्री' हे आपल्यासाठी एक अक्षर, यंत्रासाठी सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. ॲक्सेसच्या साध्या मजकुराच्या रकान्यात जास्तीत जास्त २५५ चिन्हं बसतात. इंग्रजीच्या सवयीने नावाला २० चिन्हं ठेवली, तर 'क्षीरसागर' आडनावातच नऊ संपतात आणि पूर्ण नाव मध्येच तुटतं.

तिसरी गोष्ट खास ॲक्सेसची. त्याच्या व्हीबीएच्या लेखनखिडकीत देवनागरी टिकत नाही, तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. तक्ते आणि पडदे मात्र देवनागरी व्यवस्थित सांभाळतात. म्हणून 'खुर्च्या शिल्लक नाहीत' असा संदेश आज्ञेत न लिहिता तक्त्यात ठेवायचा आणि तिथून पडद्यावर आणायचा. जाणकाराला हे सोपं आहे. नवख्याचा एक अख्खा दिवस यात जातो.

फोनवर हवं असेल तर?

इथे फाइलमेकरचं पारडं जड, असं बहुतेक तुलना सांगतात. आयपॅडवर, आयफोनवर ते खरंच सुरेख चालतं. पण आपल्या मंडपवाल्याच्या माणसांच्या हातात आयफोन नाहीत, साधे अँड्रॉइड फोन आहेत. अँड्रॉइडसाठी फाइलमेकरचं ॲप नाही. सर्व्हर घेऊन ब्राउझरमधून उघडावं लागतं, आणि तेव्हा बहुधा प्रत्येक माणसाचा परवाना मोजावा लागतो. म्हणजे ज्या गुणासाठी फाइलमेकर घ्यायचं, तो गुण या गिऱ्हाइकाच्या वाट्याला पूर्ण येतच नाही. ॲक्सेस तर फोनवर चालतच नाही.

मग साइटवर काय? मी म्हणेन, छापील चलन. निघालेले नग छापलेले, परत आलेल्या नगांसाठी शेजारी रिकामा रकाना. गोडाऊनवाल्याने पेनाने भरायचा, संध्याकाळी ऑफिसात नोंद करायची. पावसात, चिखलात, हातात पातेलं असताना कागद बरा पडतो. प्रत्येक गोष्ट पडद्यावर आलीच पाहिजे हा हट्ट गिऱ्हाइकाचा क्वचित असतो, बहुतेकदा आम्हा लिहिणाऱ्यांचाच असतो.

खर्च कुठला स्वस्त?

ॲक्सेस सगळ्या ऑफिसांत येत नाही. घर आणि छोट्या धंद्यासाठी म्हणून एकरकमी विकत मिळणाऱ्या ऑफिसमध्ये ते नसतं, आणि हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतं. मात्र तयार झालेलं सॉफ्टवेअर नुसतं वापरण्यासाठी ॲक्सेसची रनटाइम नावाची मोफत आवृत्ती मिळते. पूर्ण ॲक्सेस लिहिणाऱ्याकडे असलं की ऑफिसातले तिन्ही संगणक रनटाइमवर चालतात. फाइलमेकरमध्ये बहुधा माणशी आणि वर्षाकाठी पैसे मोजावे लागतात. त्या पैशात सर्व्हरची भक्कम व्यवस्था मिळते, त्यामुळे तो खर्च वाया जातो असं मी म्हणणार नाही. पण दहा वर्षांचा आकडा मांडून बघा, पहिल्या वर्षाचा नको.

पण ॲक्सेस बंद होणार आहे ना?

ही भीती निराधार नाही. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो हे असंच डेटाबेसचं अवजार बनवणारी कंपनी घेतली. २००७ मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही असं सांगितलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधार थांबवला. ऑफिसमधल्या पब्लिशरचीही अखेर ऑक्टोबर २०२६ ही ठरली आहे. ॲक्सेसची वेबवरची एक शाखा २०१८ मध्ये बंद झाली, आणि तेव्हापासून 'ॲक्सेस गेलं' ही आवई अधूनमधून उठत राहते. मूळ ॲक्सेस मात्र आजच्या ऑफिसमध्ये आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत आहेत. फाइलमेकर एका कंपनीच्या भरवशावर आहे, तसंच ॲक्सेसही.

फॉक्सप्रोकडून शिकण्यासारखं वेगळंच आहे. त्याचे तक्ते डीबीएफ या सर्वांना माहीत असलेल्या स्वरूपात होते. ॲक्सेसने २०१३ च्या आवृत्तीत डीबीएफ उघडायची सोय काढली, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि २०१६ मध्ये ती परत आणावी लागली. फॉक्सप्रो संपलं तरी त्यातल्या खतावण्या वाचता येत राहिल्या. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो ते हे: माहिती बाहेर कशी काढता येईल, आणि ती मी नसताना काढता येईल का?

हल्ली सगळं वेबवर करतात, ही जुनी अवजारं कशाला?

दोन शहरांत शाखा असतील, ग्राहकांनी स्वतः बुकिंग करायचं असेल, पन्नास माणसं एकदम काम करणार असतील, तर या दोन्हींचा नाद सोडावा आणि वेबवरचंच करून घ्यावं. तीन संगणकांच्या ऑफिसला मात्र वेबचा सर्व्हर, त्याची सुरक्षा आणि त्याची देखभाल हे ओझं होतं. एआयकडून आठवड्यात करून घेऊ, असंही आता लोक म्हणतात. पडदे होतीलही. माल परतण्याची तारीख वेगळी ठेवायची, हे त्यालाही कुणीतरी सांगावंच लागेल.

मग निवड काय?

या मंडपवाल्यासाठी मी ॲक्सेस निवडेन. सगळे संगणक विंडोजचे, सगळे एका छताखाली, वापरणारी तीन माणसं, दुरुस्तीला गावातच माणूस मिळण्याची शक्यता. तक्ते पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये. हाच ग्राहक मंडपवाला नसून मॅक वापरणारा फोटो स्टुडिओ असता, किंवा आयपॅड घेऊन रुग्णांच्या घरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा गट असता, तर जराही न रेंगाळता फाइलमेकर सांगितलं असतं.

आणि करारात दोन ओळी लिहून घ्यायला सांगेन. ॲक्सेस असेल तर आज्ञा उघडून बदलता येईल अशी मूळ फाइल मालकाच्या ताब्यात हवी. नुसती कुलूपबंद एसीसीडीई फाइल चालणार नाही, तिच्यातल्या आज्ञा पुढे कुणाला वाचताही येत नाहीत. फाइलमेकर असेल तर पूर्ण अधिकाराचं खातं आणि त्याचा पासवर्ड, लिफाफ्यात घालून, मालकाच्या कपाटात. दुसरी ओळ अशी की चारही तक्ते सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून देणारं एक बटण पडद्यावर असावं. काढताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) निवडलं नाही, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. म्हणून ते बटण ताबा घेण्याच्या दिवशीच दाबून पाहावं, निघालेली फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडावी आणि 'क्षीरसागर' शोधून बघावं.